बुरुलकान आपाची रेघ

या, जवळ या. असं दाराशी अंग चोरून बसू नका. ज्यांना ऐकायला कमी येतं त्यांनी अगदी पुढे यावं, आणि ज्यांना चहा हवा असेल त्यांनी आत्ताच ओतून घ्यावा. एकदा गोष्ट सुरू झाली की मधे उठून तिचा रस मोडायचा नाही. गोष्ट साधी आहे, एका रेघेची. भगवंताने माणसाच्या हातात जे काही ठेवलं, त्यात मनातून निघून बोटांतून उतरणारी रेघ ही मोठी नवलाची चीज. ती एका म्हातारीच्या हातून कशी गेली आणि परत कशी आली, ते आज ऐकायचं आहे.

दूर डोंगरांतल्या आत-बाशी गावात बुरुलकान आपाला ओळखत नाही असं माणूस सोडा, मेंढरूसुद्धा सापडायचं नाही. वय अठ्ठ्याहत्तर, अंगकाठी चिमणीएवढी, आणि जीभ अशी की घोडेबाजारातले दलालही तिच्यापुढे बोलणं आवरतं घेत. पण तिचा खरा मान तिच्या खडूला. शिरदाक, म्हणजे लोकर दाबून केलेला नक्षीचा जाड गालिचा, नक्षीचा नमदा, कसा होतो? लाल नमद्यावर काळा नमदा पसरायचा आणि दोन्हीतून एकाच वेळी सुरी फिरवायची. मग लालातून निघालेलं एडक्याचं शिंग काळ्याच्या खाचेत जाऊन बसतं, काळ्याचं लालात. काप एक, नमदे दोन, आणि चिमूटभर लोकर वाया जात नाही. मात्र सुरी फिरण्याआधी कोणीतरी वर खडूने नक्षी काढावी लागते. ती रेघ चुकली तर दोन्ही नमदे एकदम वाया जातात. सत्तेचाळीस वर्षं ती रेघ बुरुलकान आपाची होती. पट्टी नाही, साचा नाही, वही नाही. गुडघे टेकायचे, नाव घ्यायचं देवाचं, आणि हात उचलायचा तो नक्षी संपल्यावर.

आपाकडे ऐंशी नक्ष्या होत्या, सगळ्या हातात. आणि एक्याऐंशीवी होती तिच्या सासूची. ती सासूने एकदाच काढली होती, नव्या सुनेने, म्हणजे आपाने, एकदाच बघितली होती. "शेवटी काढीन," असं आपा दरवर्षी म्हणे, आणि दरवर्षी पुढे ढकले. यंदा मात्र तिने स्वतःच तोंडातून शब्द काढला. उन्हाळी कुरणांवरून नमदे खाली येतील, आसपासच्या पाचही गावच्या बायका कापायला जमतील, तेव्हा सासूची नक्षी काढायची.

सोनुनबू म्हणजे बायकांच्या मंडळाची प्रमुख. तिने हे ऐकलं आणि ती धावत गेली सालकिनकडे.

सालकिन सत्तावीस वर्षांची. बिश्केकला शिकली, चार वर्षं तिथल्या कचेऱ्यांत प्रोग्राम लिहिले, आणि आई आजारी पडली म्हणून वसंतात गावी आली ती गावातच रमली. सोनुनबू तिला म्हणाली, "लेकी, आपा कॉम्प्युटरवर काढेल आणि नक्षी आत राहील असं काहीतरी कर. कागदावर पूर्ण मापाची छापून निघाली पाहिजे. म्हणजे पाचही गावांत कोणालाही कापता येईल. आणि आपा गेली…" इथे सोनुनबूने स्वतःच्याच तोंडावर चापट मारली. "आपाला शंभर वर्षं आयुष्य मिळो. पण नक्षी राहिली पाहिजे."

आता यातली अडचण ऐका. मंडळाच्या कचेरीत होतं बारा वर्षांचं जुनं विंडोजचं यंत्र. शेजारच्या आक-मुझ गावच्या शाळेत लिनक्सची यंत्रं. बिश्केकमध्ये बेगायिम नावाची मुलगी परदेशी गिऱ्हाइकांना नक्ष्या दाखवायची, तिच्याकडे मॅक. गवयांची जशी घराणी, तशी ही तीन घराणी. एकाची चीज दुसऱ्याच्या गळ्यात सरळ उतरत नाही. म्हणून प्रोग्राम लिहिणारे आधी एक टूलकिट निवडतात. खिडक्या, बटणं, रेघा, रंग असा सगळा सरंजाम त्यात तयार असतो. आपण एकदाच लिहायचं, आणि टूलकिटने ते तिन्ही घराण्यांच्या यंत्रांवर उभं करायचं. तेही एका कापात दोन नमदे काढण्यासारखंच. पण निवड सुरुवातीलाच करावी लागते. मागाहून बदलणं म्हणजे छत चढल्यावर पाया उकरणं.

सालकिनने निवड केली, पण फारसा विचार न करता. तिच्या हाताला जे सवयीचं होतं ते घेतलं. ते टूलकिट पोटात अख्खा ब्राउझर घेऊन फिरायचं. दिसायला देखणं, शिकायला सोपं, बिश्केकमध्ये सगळे तेच वापरत. दोन महिने ती स्वतःच्या नव्या लॅपटॉपवर राबली. कडेला शिंगांची झालर, रंगांच्या वाट्या, पानं उलटल्यासारख्या नक्ष्या. सोनुनबूला दाखवलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

ऑगस्टचा शेवट होता. नमद्यांच्या कापणीला पंधरा दिवस उरले होते. मंडळाच्या कचेरीत बायका जमल्या. बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळले होते, चहाच्या वाट्या फिरत होत्या. आपाला मानाच्या जागी बसवलं, समोर पेनाने लिहायची पाटी ठेवली. पाटीवर पेन फिरवलं की पडद्यावर रेघ उमटायची.

"खडूला धूळ तरी असते," पेन उलटसुलट करत आपा म्हणाली. "हे म्हणजे दात कोरायची काडी!"

सगळ्या हसल्या. आपाने देवाचं नाव घेतलं आणि एडक्याचं शिंग काढायला हात फिरवला.

हात शिंगाच्या टोकाशी पोचला तेव्हा रेघ निम्म्या वळणावर होती. मग ती धापा टाकत मागून आली, आणि आली ती कोपरे काढत, ठेचकाळत. आपाने हात सावकाश केला. रेघ थबकली, मग एकदम उडी मारून पुढे गेली. आपाने पुसायला सांगितलं. दुसऱ्यांदा काढलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा काढलं तेव्हा कचेरीत कोणी चहाचा घोटही घेत नव्हतं.

"छान आलंय, आपा," कोणीतरी म्हणालं.

"गप्प बस, नाझगुल. तुझ्या लग्नात तुझी सासूही मला असंच म्हणाली होती, सून सुंदर आहे म्हणून." पण या वेळी कोणी हसलं नाही, कारण आपाच हसत नव्हती. ती पडद्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "नमद्याला केस असतात गं. केसांत थरथर लपते. आणि तुम्ही सगळ्या भल्या, तुम्हीही लपवलीत. काच कशाला लपवील?"

तिने छातीशी हात घालून फडक्यातला खडू काढला. "माझ्या सासूची रेघ एका दिवसात तीनदा तुटली. तिने खडू मला दिला आणि मरेपर्यंत पुन्हा हातात धरला नाही. मी काय तिच्यापेक्षा मोठी लागून गेले?" आणि तिने तो खडू केंजेगुलच्या हातात ठेवला. केंजेगुल आपाची सर्वांत हुशार शिष्या, तीन लेकरांची आई. तिने तो असा धरला की जणू निखाराच.

"आपा, नको! आणि सासूची नक्षी?"

"ती सासूकडेच परत गेली म्हणायची," आपा म्हणाली, आणि काठी घेऊन चालू लागली.

खरी नामुष्कीची गोष्ट अशी की त्या दिवशी सालकिनलाही तेच वाटलं जे सगळ्यांना वाटलं. म्हातारीचा हात गेला. दुसऱ्या सकाळी सालकिन रडवेली होऊन माकेच्या दुकानात गेली. माके म्हणजे मारलेन. त्रेसष्ट वर्षांचा, पण मानाने नाव आखडून सगळे त्याला माके म्हणत. तीस वर्षं त्याने नदीच्या पाण्याची नोंद ठेवणाऱ्या केंद्रासाठी प्रोग्राम लिहिले होते, आणि आता तो बाजाराच्या तोंडाशी बिघडलेली यंत्रं दुरुस्त करत बसे. भुवया अशा दाट की त्यांत पाखरांनी घरटं करावं.

"माके, आपाचा हात गेला हो," सालकिन म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"मी डोळ्यांनी बघितलं. तीनदा रेघ तुटली."

"कोणत्या यंत्रावर?"

"मंडळाच्या."

माकेने हातातला पेचकस खाली ठेवला. "त्या यंत्रावर तू स्वतः काढून बघितलीस?"

"माझ्या लॅपटॉपवर हजारदा काढलीय."

"आपा तुझ्या लॅपटॉपवर बसली होती का?"

 माकेने दुकानाला कुलूप घातलं, तिला पुढे घालून कचेरीत नेलं आणि खुर्चीत बसवलं. "काढ शिंग."

तिने काढलं. रेघ मागून आली, कोपरे काढत, ठेचकाळत. आपाच्या रेघेपेक्षा दुप्पट वाईट.

"अरेरे," माके म्हणाला. "सत्ताविसाव्या वर्षीच हात गेला पोरीचा. चल, तूही खडू देऊन टाक कोणाला तरी."

सालकिनचे कान तापले. थरथर आपाच्या हातात नव्हतीच. जुन्या यंत्राला त्या जाड्या टूलकिटचं ओझं पेलवत नव्हतं. ते पोटातला ब्राउझर सांभाळू की रेघ काढू, असं धापा टाकत होतं, आणि हात पुढे निघून जात होता. ती तशीच उठून आपाच्या घरी पळाली.

आपा छपरावर कुरुत वाळत घालत होती. दह्याच्या त्या पांढऱ्या गोळ्या एकेक करून फळीवर मांडत होती. सालकिनने खालूनच सगळं सांगितलं. माझीच चूक, यंत्र जुनं, टूलकिट जड, तुमचा हात शाबूत आहे.

आपाने शांतपणे ऐकून घेतलं. "तुझी आईही अशीच. तुझा बाप शर्यतीत पडला की म्हणायची, घोड्याचंच पोट बिघडलं होतं." एक कुरुत तिने खाली टाकलं. "घे, खा. तू गोड पोर आहेस. पण माझी समजूत काढू नकोस. समजूत काढलेली कळते गं मला. गेली दहा वर्षं सगळ्या काढतायत, हे काल कळलं."

म्हणजे झालं काय, बघा. एका चुकीच्या निवडीने म्हातारीची एक रेघ मोडली एवढंच नाही. मागची दहा वर्षंही मोडली. लोकांनी केलेलं प्रत्येक कौतुक तिला आता दया वाटू लागलं. हे शब्दांनी दुरुस्त होणार नव्हतं. रेघेने केलेली जखम रेघेनेच भरायची होती, तीही त्याच खुर्चीत, त्याच बारा वर्षांच्या यंत्रावर. हातात दिवस होते चौदा.

"एक नवं यंत्र आणलं तर?" सालकिनने माकेला विचारलं.

"कचेरीत आणशील. चार गावांत काय आणशील? आणि आपा म्हणेल, काच बदलली म्हणून तोंड बदललं." माकेने चहा ओतला. "आमच्या केंद्रात एक रीत होती. नवं काहीही आलं की आधी सगळ्यांत वाईट जागी लावायचं. जिथे बर्फ जास्त, वीज कमी आणि माणूस चिडका. तिथे टिकलं की मगच बाकीच्या ठिकाणी."

"म्हणजे आधी या डबड्यावर."

"त्याला डबडं म्हणू नकोस, त्याच्याच पाया पडायचंय तुला. आता ऐक. टूलकिट घे तीन. प्रत्येकाला दोन दिवस. प्रत्येकात तीनच गोष्टी करायच्या. एका दमात काढलेलं शिंग, आपल्या लिपीत नक्षीचं नाव, आणि पूर्ण मापाची छपाई. आधी या यंत्रावर, मग शाळेच्या, मग बेगायिमच्या. आणि प्रत्येकाच्या अटींचा कागद वाच. फुकट देणाऱ्याचीही अट असते, ती पाळायची. तुला काय आवडतं ते सगळ्यांत शेवटी लिही. बारीक अक्षरात."

माकेची ही शिस्त बघून मन भरून येतं. तीस वर्षं ज्याने पुराचं पाणी गावात शिरण्याआधी ओळखलं, तो माणूस एका म्हातारीच्या शिंगासाठी तितक्याच गंभीरपणे पाटी आखून बसला होता.

पहिलं टूलकिट सालकिनचंच. तिने त्यातली झालर काढली, वाट्या काढल्या, अगदी हाडं उरेपर्यंत सोललं. तरी जुन्या यंत्रावर रेघ हातामागे चारच बोटं, पण मागेच. मनावर दगड ठेवून तिने त्यावर काट मारली.

दुसरं हलकं होतं. ते स्वतःचं काही आणत नसे. ज्या यंत्रावर जाई तिथलीच बटणं, तिथल्याच खिडक्या मागून घेई. पाहुण्यासारखं, मिळेल ते खाणारं. जुन्या यंत्रावर रेघ चांगली आली आणि सालकिनने टाळी वाजवली. पण आक-मुझच्या शाळेत तेच पेन नुसता माउस होऊन बसलं, दाब कळेना. आणि बेगायिमने फोन केला, "ताई, इथे शिंग अर्धंच दिसतंय. एडका कुठेतरी धडकून आला का?" बटणांना पाहुणचार चालतो, रेघेला मात्र सगळीकडे एकच हात हवा होता. दोन दिवसांचे तीन झाले, पण जुळेना. काट.

तिसऱ्याचं नाव काढताच सालकिनने तोंड वाकडं केलं. जुनं, तीस वर्षांचं. लिहायची भाषा कडक. माहितीची पानं हजारो. ते कोणाकडून काही मागत नसे, स्वतःची प्रत्येक रेघ स्वतःच काढी, म्हणून तिन्ही घराण्यांत एकाच सुरात गाई. "विद्यापीठात याच भाषेत मी नापास झाले होते," ती म्हणाली.

"मग ओळख जुनीच आहे," माके म्हणाला.

पहिल्या दिवशी नुसती जुळणी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी सालकिनने जुन्या यंत्रावर हात फिरवला. रेघ हाताबरोबर आली! तिने श्वास रोखला. मग जवळून बघितलं, आणि श्वास सोडला. रेघ वेळेवर होती, पण शिंगाच्या वळणावर बारीक बारीक कोपरे होते, सुताराने रंध्याऐवजी कुऱ्हाड चालवावी तसे. दुसऱ्या कोणाला दिसलेही नसते. पण आपाच्या डोळ्यांतून ते सुटणार नव्हतं.

कापणीला आठवडा उरला होता. सालकिन त्या हजारो पानांत शिरली. एरवी ज्या पानांना ती नाक मुरडायची, ती आता पोथी वाचावी तशी बोट ठेवून वाचत होती, आणि वाचता वाचता तिचा सूर बदलत गेला. किती माणसं, किती वर्षं, कुठल्या कुठल्या देशांतली! कोणी उजवीकडून डावीकडे लिहिणाऱ्यांची सोय केलेली, कोणी आंधळ्यांना पडदा वाचून दाखवण्याची, कोणी वीस वर्षांपूर्वीच्या यंत्रावरही खिडकी नीट उघडावी म्हणून रात्रंदिवस घासलेलं. आणि अशाच एका पानाच्या तळाशी तिला चार ओळी सापडल्या. त्यांचा मतलब असा: यंत्र घाईत असलं की पेनाने दिलेले मधले ठिपके गाळून टाकतं. बहुतेकांना त्याने फरक पडत नाही. पण चित्र काढणाऱ्याला प्रत्येक ठिपका हवा असतो. त्याच्यासाठी ही कळ ठेवली आहे. ती फिरवली की एकही ठिपका गळणार नाही.

एवढंच. खाली नाव नाही, गाव नाही.

सालकिनने ती कळ फिरवली आणि शिंग काढलं. कोपरे गेले. तिने आक-मुझला पाठवलं, बेगायिमला पाठवलं. तिन्ही ठिकाणी तेच शिंग, तसंच गोल. त्यांच्या लिपीतली सगळी अक्षरं जागच्या जागी. छापून काढलं आणि वितीने मोजलं, तर माप पुरं.

सोनुनबू बघायला आली आणि हिरमुसली. "झालर कुठे गेली? वाट्या? हे तर करडं दिसतंय, गाढवासारखं!"

"सोनुनबू, लग्नानंतर तुझं सामान कुरणावर कशावरून गेलं?" माकेने विचारलं.

"गाढवावरून."

"मग त्याला नावं ठेवू नकोस."

कापणीच्या आदल्या सकाळी सालकिन आपाकडे गेली. या वेळी तिने समजूत काढली नाही. म्हणाली, "आपा, उद्या नक्षी मलाच काढावी लागणार. केंजेगुलला खडू धरला की कापरं भरतं. तुम्ही काढू नका. नुसतं बसून माझं चुकलेलं सांगा."

शिकवायला नाही म्हणणं आपाच्या रक्तात नव्हतं. ती आली. पेनाकडे पाठ करून बसली, मग तिरकी बसली. सालकिनने शिंग काढायला घेतलं. तिला नाटक करावं लागलं नाही. तिचा हात खरोखरच वाईट होता.

"वळव. आणखी. आणखी वळव!" आपा म्हणाली. "हे शिंग आहे की आजारी शेळीचं शेपूट?"

"असं?"

"असं नाही! अगं, एडका रागावलाय, रागावलाय तो! टोकाला जोर… अगं सोड, सोड, सोड!" आणि आपाने तिच्या हातातून पेन ओढून घेतलं, देवाचं नाव घेतलं आणि हात फिरवला.

रेघ हाताबरोबर निघाली. हाताच्या मागे नाही, पुढे नाही. सावली पायाला चिकटावी तशी. शिंगाच्या पोटात जाड झाली, टोकाला केसाएवढी झाली, वळली, आणि जिथे सुरू झाली होती तिथे येऊन मिळाली.

आपाचा हात हवेत तसाच राहिला. कचेरीत केंजेगुल होती, सोनुनबू होती, दाराशी माके होता.  आपाने दुसरं शिंग काढलं, पहिल्याला पाठ लावून. मग तिसरं. मग पेन खाली ठेवून तिने चेहरा पडद्याच्या इतका जवळ नेला की काचेवर वाफ धरली.

"यंत्र तेच आहे?" तिने विचारलं.

"तेच, आपा."

"काच तीच?"

"तीच. बघा, कोपऱ्यात तुमच्या बोटाचा बोरसोकचा डाग आहे अजून."

"मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी मी चुकीचं टूलकिट निवडलं होतं. तुमच्या हाताबरोबर चालणं त्याला जमत नव्हतं. मी माझ्या यंत्रावर बघितलं, तुमच्या बघितलं नाही."

 आपाने काठी उचलली आणि सालकिनच्या नडगीवर अशी ठेवून दिली की सोनुनबूने डोळे मिटले. "दोन आठवडे! दोन आठवडे मी छपरावर बसून माझी कबर कुठे खणायची ते ठरवत होते, तुझ्या डब्यापायी! आणि तू, मारलेन, दाराशी उभा राहून हसतोयस? भुवया काप त्या, माणूस दिसत नाही मागे!" आणि हे बोलता बोलता तिच्या दोन्ही गालांवरून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलंही नाही.

केंजेगुल खडू घेऊन पुढे धावली. "आपा, हा घ्या. माझ्याच्याने होत नाही."

आपाने खडूकडे बघितलं, हात पुढे केला, आणि केंजेगुलची मूठ तिनेच मिटली. "दिलेला खडू परत घेत नाहीत. माझ्या सासूने घेतला नाही, मी घेणार नाही. तो तुझा." मग तिने पेन उचललं. "हे मात्र मी कोणाला दिलेलं नाही. मी इथे काढीन, तू नमद्यावर काढ. कापरं भरलं तर भरू दे. मलाही सात वर्षं भरत होतं."

आणि मग, दुपारच्या उन्हात, त्या करड्या गाढवासारख्या प्रोग्रामवर बुरुलकान आपाने सासूची नक्षी काढली. ती कशी होती ते सांगत बसत नाही. आत-बाशीला गेलात तर बघाल. एवढंच सांगण्यासारखं आहे की ती काढताना आपाचे ओठ हलत होते, आणि सालकिनला वाटलं ती देवाचं नाव घेते आहे, पण जवळ जाऊन ऐकलं तर ती सासूशी बोलत होती. "असंच ना, एने? इथे आत ना?" संपवायच्या आधी तिने हात उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी पाच गावच्या बायका अंगणात जमल्या. छापलेल्या पट्ट्या जोडून पसरल्या, केंजेगुलने त्यांच्याभोवती खडू फिरवला, तिची रेघ एका ठिकाणी जरा डगमगली आणि आपाने मुद्दाम दुसरीकडे बघितलं. सुरी चालली. लालातलं काळ्यात बसलं, काळ्यातलं लालात. दोन नमदे एका कापात उभे राहिले.

जेवण झाल्यावर आपाने आशीर्वादासाठी दोन्ही तळवे वर धरले. मेंढरांसाठी मागितलं, लेकरांसाठी मागितलं, सालकिनच्या आजारी आईसाठी मागितलं, माकेच्या भुवयांसाठीही मागितलं आणि बायका खिदळल्या. मग ती थांबली. "सालकिन, ते ठिपके गळू नयेत म्हणून ज्याने कळ ठेवली, त्याचं नाव काय?"

"माहीत नाही, आपा. त्याने लिहिलेलं नाही."

"बाई की बाप्या?"

"तेही माहीत नाही."

"त्याला माझं काही ठाऊक होतं का?"

"नाही, आपा. त्याला एवढंच ठाऊक होतं की कुठेतरी कोणीतरी चित्र काढत असेल, आणि त्याचं यंत्र जुनं असेल."

आपाने मान हलवली. "मग नाव देवाला ठाऊक आहे," ती म्हणाली, आणि तळवे तोंडावरून फिरवत तिने शेवटचा आशीर्वाद त्यालाच दिला. सगळ्यांनी ओमिन, म्हणजे तथास्तु, म्हटलं.

तर ऐकणाऱ्यांनो, तुमच्याकडे एकच मागणं आहे. आपाची आठवण तुम्ही ठेवालच. तिच्या काठीचा वळ सालकिन अजून दाखवते. पण घरी जाऊन देवापुढे दिवा लावाल, किंवा नुसतेच हात जोडाल, तेव्हा क्षणभर त्या बिननावाच्या माणसाची आठवण काढा. आपल्या नजरेला कधी न पडणाऱ्या एका हाताचा एकही ठिपका सांडू नये, म्हणून ज्याने पानाच्या तळाशी चार ओळी लिहून ठेवल्या, त्याची.